काढा उकळण्याआधी

अगं, तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. गर्भाशयातल्या गाठी काढायचं ठरलं, तारीख पुढच्या महिन्याची, गर्भाशय ठेवायचंय कारण अजून एक मूल हवंय, हे सगळं कळलं. पण तुझी काळजी गाठींची नाहीच. "ताई, ऑपरेशननंतर आतडी आतून चिकटतात म्हणे. तसं होऊ नये म्हणून आत्तापासून काय घेऊ?" आणि सोबत यादी: हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल, ज्येष्ठमध, कोरफडीचा रस, अननस, एरंडेलाचा शेक आणि नणंदबाईंनी सांगितलेला कसलासा काढा. यादी वाचून आधी हसू आलं, मग म्हटलं, हिला नीट बसून लिहावं. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. चिकटलेली पोटं जवळून पाहिलीत. त्यामुळे बोलणं जरा रोखठोक होईल, सांभाळून घे.

आधी हे चिकटणं काय असतं ते समजून घे, म्हणजे यादीतलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं ते तुझं तुलाच कळेल. पोटात आतडी, गर्भाशय, मूत्राशय या सगळ्यांवर एक पडदा असतो, पेशींच्या एकाच थराचा. ओला आणि गुळगुळीत. म्हणून आतडी दिवसभर एकमेकांवरून सरकत असतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. या पडद्याला कात्री लागली, कोरड्या मॉपने तो घासला गेला, दिव्यांखाली सुकला, की काही तासांत तिथे फायब्रिन नावाचा चिकट द्राव जमतो. फणस कापताना चीक सुटतो ना, तसा. दोन खरचटलेल्या जागा शेजारी आल्या की त्या चिकावर एकमेकींना धरून बसतात. शरीर तो चीक विरघळवतंही, त्याची यंत्रणा आपल्यातच आहे, आणि पडद्याचा नवा थर आठवडाभरात येतो. पण ऑपरेशनचा मार, साचलेलं रक्त, जंतुसंसर्ग यांनी ती यंत्रणा मंदावते. पाच-सात दिवसांत चीक गेला नाही, तर तंतू विणणाऱ्या पेशी त्यात शिरतात, कोलॅजन घालतात, पाठोपाठ बारीक रक्तवाहिन्याही येतात. मग तो चीक राहत नाही, शरीराचाच एक जिवंत पट्टा होतो. डॉक्टर त्याला अ‍ॅडहेशन म्हणतात.

म्हणजे सगळा खेळ टेबलावरच्या त्या दोन-तीन तासांचा आणि नंतरच्या पहिल्या आठवड्याचा. हे डोक्यात पक्कं ठेव.

आधी ऑपरेशन झालेलं पोट पुन्हा उघडतात तेव्हा काय दिसतं, सांगू? कुठे उजेड आरपार दिसेल इतका पातळ पापुद्रा, बोटाने हलकेच सारला की सुटतो. कुठे पांढरी जाड पट्टी, तिच्या मधोमध लाल रेघ, ती कापली तर रक्त येणार. कधी आतड्याचं वेटोळं थेट जुन्या टाक्यांच्या रेषेला आतून चिकटलेलं. अशा वेळी सर बोलायचे थांबतात, कोणीतरी थिएटरमधली गाणी बंद करतं, आणि सिस्टर नुसते कोमट सलाइनमधले ओले मॉप पुढे करत राहते. गाठी काढायचं तासाभराचं काम, चिकटा सोडवण्यातच दुप्पट वेळ जातो. तुझं एक सिझर आधी झालंय, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

घाबरवायला नाही सांगत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये स्कॉटलंडचा मोठा अभ्यास आला होता. पोट किंवा ओटीपोट उघडून ऑपरेशन झालेल्या २९,७९० जणांचा दहा वर्षं माग काढला. तिघांतला एक जण पुन्हा दाखल झाला, अ‍ॅडहेशनशी संबंध असू शकेल अशा कारणाने. पण नक्की अ‍ॅडहेशनमुळेच, असं म्हणता येईल असे दाखले त्या पुन्हा दाखल होण्यांपैकी शंभरात सहाही नव्हते. चिकटा बहुतेकांच्या पोटात थोडाफार होतोच. बहुतेकींना तो कधी जाणवत नाही.

आता तुझी यादी घेऊ.

हळद, आलं, मध, काळं जिरं, ज्येष्ठमध, डाळिंब, ग्रीन टी या सगळ्यांवर अ‍ॅडहेशनसाठी प्रयोग झालेत, खोटं नाही ते. पण झाले कोणावर? उंदरांवर. उंदराचं पोट उघडायचं, आतडं गॉजने किंवा ब्रशने खरवडायचं, आणि बऱ्याचदा तो अर्क थेट पोटात ओतून टाके घालायचे. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा उघडून चिकट्याला गुण द्यायचे. त्यात चांगले गुण मिळतात, मग कोणीतरी फॉरवर्ड लिहितं, "हळदीने आतडी चिकटत नाहीत". अगं, पोटात ओतलेली हळद आणि तोंडाने गिळलेली हळद यात फरक आहे. हळदीतलं कर्क्युमिन गिळल्यावर रक्तात फारसं पोचतच नाही. मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर वीसपट पोचतं, हे १९९८ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणून त्या कॅप्सूलवर मिरीचा अर्क असल्याचं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आणि त्याच जातीच्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. माणसांत मात्र, हे घेतल्याने पोटातली अ‍ॅडहेशन टळली असं कोणी दाखवून दिलेलं नाही.

हळदीचं नाव काढलं की आपल्याला पेटंटची लढाई आठवते. १९९५ साली मिसिसिपीच्या विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. जुन्या ग्रंथांचे पुरावे दाखल करून त्यांनी ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अभिमान आहेच. पण ती हळद कसली होती? कापलेल्या बोटावर, फुटलेल्या गुडघ्यावर दाबायची. पोट उघडून शिवलेल्या बाईला आपल्या आजीने कधी बरं केलेलं नव्हतं. तशी बाई तिच्या पाहण्यातच नव्हती. मग तिच्या बटव्यात त्यावरचं औषध कुठून असणार?

आजीच्या बटव्यात नसलं तरी सुश्रुताकडे आहे, आणि ते वाचून मी चाट पडले होते. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात आतड्यात अडथळा आलेल्या रोग्याचं पोट नाभीखाली डाव्या बाजूला उघडायला सांगितलंय. आतडं थोडं थोडं बाहेर घेऊन तपासायचं, खडा, केस, घट्ट मळ जे अडकलं असेल ते काढायचं. आतड्याला भोक असेल तर काळ्या मुंग्यांकडून कडा चावून घ्यायच्या आणि त्यांची धडं तोडून टाकायची, डोकी टाक्यासारखी तिथेच! आणि मग बघ: आतड्यांना मध आणि तूप लावून ती जागेवर ठेवायची, आणि नंतर पोट शिवायचं. हेतू काय होता, ते मी सुश्रुताच्या तोंडी घालणार नाही. पण मध-तूप लावलं कधी? पोट उघडं असताना. कुठे? आतड्यावर. चमच्याने पाजलं नाही. फणस कापायच्या आधी आपण हाताला तेल लावतो, सगळं झाल्यावर तेल पीत नाही. (म्हणून सर्जनला मधाची बाटली नेऊन देऊ नकोस हं. तू करशील, म्हणून सांगतेय.)

आता गंमत ऐक. आज थिएटरमध्ये चिकटा टाळण्यासाठी जी साधनं खरोखर वापरतात, त्यातली बरीचशी मुळात झाडाचीच आहेत. इंटरसीड नावाचं एक विणलेलं पातळ कापड येतं, झाडाच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेलं. गाठ काढून गर्भाशय शिवलं की टाक्यांच्या रेषेवर ते अंथरतात. काही तासांत त्याचं जेल होतं, खरचटलेल्या जागा आठवडाभर एकमेकींपासून लांब राहतात, आणि महिन्याभरात ते विरघळून जातं. सेप्राफिल्म म्हणून पारदर्शक पापुद्रा असतो, त्यातही एक वाटा सेल्युलोजचाच. बोट ओलं असलं तर बोटालाच चिकटतो मेला, आम्ही कोरडे ग्लोव्हज घालून द्यायचो. तिसरं अडेप्ट, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेलं द्रावण. शेवटी लिटरभर पोटात सोडून देतात. आतडी त्यात तरंगत राहतात आणि चारेक दिवसांत ते शोषलं जातं.

आणि याच मक्याच्या पिठाने आधी किती घोळ घातला होता! पूर्वी ग्लोव्हजना आतून स्टार्चची पावडर असायची, हात पटकन जावा म्हणून. ती पोटात सांडली की तिच्याभोवती सूज येऊन चिकटा व्हायचा. त्याच्याही आधी टाल्क असायचं, ते तर आणखी वाईट. अमेरिकेने पावडरवाल्या ग्लोव्हजवर जानेवारी २०१७ पासून बंदीच घातली. एकच मका, एका रूपात चिकटवतो, दुसऱ्या रूपात वाचवतो. "नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल" म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

ही साधनं म्हणजे जादू नव्हे. अ‍ॅडहेशन कमी होतात हे दिसलंय. त्यामुळे दिवस राहायला मदत होते किंवा पोटदुखी टळते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. इंटरसीडला तर कोरडी, रक्त न येणारी जागा लागते, रक्तात भिजलं की त्याचा उपयोग संपला. सगळीकडे मिळत नाहीत, स्वस्तही नाहीत. खरं काम सर्जनच्या हाताचं: ऊती कमी हाताळणं, रक्तस्राव नीट थांबवणं, ओलं ठेवणं, शेवटी पोट धुऊन गुठळ्या काढणं. दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनमध्ये चिकटा साधारणपणे कमी. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर छेद असला तर चिकटा जास्त, कारण तिथे आतडं आणि बीजकोष अगदी शेजारी. तुझी मोठी गाठ कुठल्या भिंतीत आहे ते सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलेलं असेल, बघ.

आता यादीतलं काय खोडायचं ते. आणि इथे माझं ऐकायचं, वाद नको.

कॅप्सूल, अर्क, गोळ्या ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बंद. भूल देणारे डॉक्टर हेच सांगतात. लसूण, आलं, हळद यांचे दाट अर्क रक्त गोठण्यात लुडबुड करू शकतात. जास्त रक्त म्हणजे जास्त चिकटा. ज्यासाठी घेतलंस त्याच्याच उलट. आमटीतली हळद, फोडणीतला लसूण चालू दे, त्याला कोणी नको म्हणत नाही. ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की ऑपरेशननंतर आतडी जागी व्हायला वेळ लागतो. गुळवेलीबद्दल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, गुळवेल घेत असताना यकृताला सूज आलेल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. तो वाद ज्यांचा त्यांना लखलाभ, भूल घ्यायच्या तोंडावर तू त्यात पडू नकोस.

अननस खा की, छान लागतो. पण ज्या ब्रोमेलेनची कीर्ती आहे, ते बाजारात येतं ते अननसाच्या खोडातून. फोडी खाऊन पोटातले पट्टे विरघळत नाहीत. डिस्चार्जच्या वेळी सूज उतरायची गोळी लिहून देतात, सेराशिओपेप्टिडेज वगैरे, तिच्याबद्दलही हाच समज. ती झाडाची नाहीच, जंतूपासून काढलेली आहे. जपानच्या ज्या कंपनीने ती आणली तिनेच २०११ मध्ये ती बाजारातून मागे घेतली, कारण नव्याने तपासलं तर नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरेना.

कोरफड, मंडूकपर्णी, कांद्याच्या अर्काचं जेल, ही कातडीवरच्या व्रणाची औषधं. टाके पूर्ण भरल्यावर हवी तर लाव. आतल्या पडद्यापर्यंत ती पोचत नाहीत. एरंडेलाच्या शेकाचं तर खास सांगते. टाक्यांच्या आजूबाजूची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. गरम पिशवीने भाजून आलेल्या बाळंतिणी मी ड्रेसिंगला पाहिल्यात. भाजल्याचा डाग जन्मभर राहिला, आत फायदा शून्य.

आणि चिकट्यासाठी पोटात औषध का घेऊ नये, याचं एक कारण कोणी सांगत नाही. जो चीक दोन आतडी चिकटवतो, तोच तुझ्या गर्भाशयाचा टाका जोडतो. सगळ्या शरीरभर तो थांबवणारं औषध खरंच सापडलं आणि तू ते घोटभर प्यायलीस, तर टाके भरतील कसे? म्हणून उपाय जागच्या जागी हवा.

जपानचं एक नाव तुझ्या कानावर येईल: दाइकेनचुतो. वाळवलेलं आलं, जिनसेंग, सान्शो नावाच्या झुडपाची फळं आणि माल्टोज यांचा काढा, तिथे विम्यातून मिळतो, सर्जन स्वतः लिहून देतात. तो आतड्यांची हालचाल वाढवायला, चिकटा होऊ नये म्हणून नव्हे. मोठ्या चाचण्यांत फायदा बेताचाच दिसला. सान्शो म्हणजे आपल्या तिरफळाचं भावंड, एकाच कुळातलं. म्हणून गोव्याहून तिरफळं मागवून चघळत बसू नकोस, ती बांगड्याच्या आमटीतच शोभतात. आतडी लवकर जागी व्हायला हवी असतील तर साखर नसलेलं च्युइंगगम चघळ. हसू नकोस, सिझर झालेल्या बायकांत त्याने काही तास आधी वारा सरतो असं दिसलंय. डॉक्टरांना विचार आणि चघळ. दुसऱ्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये चाल. चालण्याने चिकटा टळतो असं मी म्हणणार नाही, पण पायात गुठळ्या होत नाहीत आणि पोट फुगत नाही, तेवढं पुरे. पेज, मऊ मुगाची खिचडी, ताकभात. डिंकाचे लाडू पंधरा दिवसांनी.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी कधीही, कळ येऊन येऊन पोट दुखू लागलं, पोट फुगलं, हिरवट उलटी झाली, शौचाला आणि वारा सरायचा बंद झाला, तर घरी काहीही घ्यायचं नाही. एरंडेल नाही, त्रिफळा नाही, इसबगोल तर अजिबात नाही. वाट बंद असताना पाणी पिऊन फुगणारा भुसा आत घालणं म्हणजे संकटाला आवतण. सरळ दवाखाना. नाकातून नळी, सलाइन, यानेच बऱ्याच जणींचं सुटतं, पोट उघडावं लागत नाही.

आणि साध्या, जुनाट दुखण्याला प्रत्येक वेळी "चिकटा असेल" म्हणून पुन्हा ऑपरेशनला तयार होऊ नकोस. नेदरलँड्समध्ये १०० जणांवर चाचणी केली, २००३ साली छापून आली. निम्म्यांचा चिकटा दुर्बिणीने सोडवला, निम्म्यांचा नुसता पाहून ठेवला. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम. सोडवलेला चिकटा पुन्हा होतोही. माझं मत विचारशील तर चिकट्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे नको असलेलं ऑपरेशन न करणं. बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवतं ना? २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी करवली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पुष्कळ तर तिशी-पस्तिशीतल्या. त्यांच्या पोटात आता काय काय चिकटलं असेल, कोण विचारतंय?

तुझ्या गाठी मात्र काढायलाच हव्यात, ते रिपोर्ट पाहून पटलं मला. तेव्हा पुढच्या भेटीला जाताना यादीतल्या सगळ्या बाटल्या-डब्या पिशवीत घालून ने आणि टेबलावर मांड, नणंदबाईंच्या काढ्यासकट. लाजू नकोस, डॉक्टर रागावले तरी चालेल. मग विचार: दुर्बिणीने होईल का? गर्भाशयाच्या टाक्यांवर काही अंथरणार आहात का, आणि नसाल तर का नाही? घरी येताना नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नकोस, ऑपरेशन नोटची प्रत माग. आत कुठे काय चिकटलं होतं आणि छेद कुठल्या भिंतीवर घेतला, हे त्यात असतं. पुढच्या बाळंतपणाच्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागेल.